बाटल्यांची झबली

साईनगर, अमरावती
२ डिसेंबर २०२४

सौ. गीताताईंना वर्षालीचा नमस्कार.

फोनवर तुम्ही मला बंद करून टाकलंत, घरच्या ग्रुपमधून निघून गेलात, आणि सख्ख्या भावाचाही फोन उचलत नाही. पोस्टमनला मात्र बंद करता येत नाही, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा. दोन दुपारी घालवून लिहिलाय.

मागच्या वर्षीच्या भाऊबीजेला तुम्ही आठ दिवसांची बॅग भरून आलात आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परत गेलात. आईंनी तुम्हाला तोंडावर सांगितलं, "घरात जागा नाही, जाय." दारात चप्पल घालताना तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "माहं माहेर तू बंद केलं, वर्षाली." मी एक शब्द बोलले नाही. मी अचलपूरची, गप्प बसायची आमच्याकडे पद्धत नाही, हे तुम्ही माझ्या लग्नापासून पाहताय. तरी गप्प बसले. का, ते आजही लिहिता येत नाही. आईंनी माझ्याकडून शपथ घेतली आहे, तीही तुमच्या भावाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून. त्यांचा फारच राग आला की वाटतं, सांगूनच टाकावं.

एवढं मात्र लिहिते की तुम्हाला घालवायचं माझ्या मनात नव्हतं. आईंच्याही नव्हतं.

तुमचे भाऊ अजून अमरावती-अकोला एसटीवरच कंडक्टर आहेत. आठवड्यातून चारदा अकोल्याला येतात, डेपोत बसून डबा खातात आणि परत फिरतात. तुमचा डाबकी रोड तिथून किती लांब आहे ते मला सांगू नका. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी जा ताईंकडे, तर म्हणाले, "मले तुमच्या बायांच्या मधात नको पाडू." तिकीट फाडण्याखेरीज दुसरी कुठली जबाबदारी त्यांना झेपत नाही.

लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी माहेरी आलात की तुम्ही आईंच्याच पलंगावर, त्यांच्या डाव्या अंगाला, पोटावर हात टाकून झोपायचात. ती बाजू अजून रिकामी असते. आईंनी तिथे लोड ठेवलाय.

मला सध्या नवीन खूळ लागलंय. शाम्पूच्या, पावडरच्या, हात धुवायच्या साबणाच्या बाटल्यांना मी कपडे शिवते. हसा. पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

तुमची,
वर्षाली


२२ डिसेंबर २०२४

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्रं पाठवू नयेत." इतकंच. खाली सहीसुद्धा नाही. पण पत्ता पूर्ण लिहिलात, पिनकोडसकट, आणि 'सौ. वर्षाली' असं लिहिलंत. मी ते कार्ड मिठाच्या बरणीमागे ठेवलंय. पत्र वाचल्याशिवाय कोणी असं कार्ड टाकत नाही, एवढं मला कळतं.

तर बाटल्यांचं सांगते.

आईंच्या काही वस्तू असतात, म्हातारपणी लागतात तशा. कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या सगळं काळ्या प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवायच्या आणि दिवसातून चार वेळा वाकून काढायच्या. सप्टेंबरात वाकताना तोल गेला, कपाळाला टेंगूळ आलं. तरी वस्तू बाथरूमबाहेरच्या फळीवर ठेवायला तयार नाहीत, कारण बैठकीत बसलेल्या माणसाला ती फळी सरळ दिसते. त्यापेक्षा माणसंच घरात येऊ देऊ नयेत, असा त्यांनी उपाय काढला. वर्षभर हेच चाललंय. कोणी आलं की आईंचं दार बंद.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी अनवरीआपांचं लेस-मोत्यांचं दुकान आहे, आठवत असेल. तुमच्या लग्नातल्या ओढणीचा गोटा त्यांच्याकडचाच. मी त्यांच्याकडे सहज विषय काढला, कशाबद्दल ते न सांगता. त्या म्हणाल्या, "पाह्य वर्षाली, काळ्या पन्नीत ठेवलं का हर कोणी इचारते, काय आहे म्हणून. झाकाचं असंन तर असं झाक का लोकं पाहतच राह्यले पाहिजे."

मग आम्ही दोघी बसलो. बाटली सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची, वरचा कागद सोलायचा, चिकट राहतं ते खोबरेल तेलानं पुसायचं. चिकटवून सजवलेलं आपल्या कामाचं नाही, कारण बाटली रोज वापरायची, धुवायची. म्हणून अंगाबरोबर खोळ शिवायची, खालून चढवायची आणि वरून नाडी ओढायची. त्यावर मोत्यांची जाळी, गोट्याची किनार, झाकणावर कापडी फूल. पावडरचा डबा कलशासारखा दिसायला लागला. थेंबांच्या बारक्या बाटलीची घेरदार परकर घातलेली बाहुली झाली.

पहिल्या चार मी फळीवर मांडल्या तेव्हा आईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय, बाटल्याईले झबले घातले?" तेव्हापासून आमच्याकडे त्यांना झबलीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "शिवण तिरपी आहे तुही." तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून सुई घेतली.

मला आधी सुचायला हवं होतं. अख्ख्या गल्लीतल्या मुलींची रुखवतं ज्या बाईनं केली, तिला मी शिवण दाखवत होते. तुमच्या रुखवतातलं देऊळ मी फक्त फोटोत पाहिलंय, पावडरच्या आठ डब्यांचे खांब आणि आंघोळीच्या साबणाचे हंस. आई म्हणतात, ते अजून तुमच्या शोकेसमध्ये असेल. मी म्हटलं, असेल. आहे का हो?

वर्षाली


१६ जानेवारी २०२५

ताई,

तिळगुळाचा डबा मिळाला. वर ठळक अक्षरांत "फक्त आईसाठी". मी दोन खाल्ले. तुमच्या भावानं पाच खाल्ले आणि पाणी न पिता गाडीवर गेले. आईंनी एक खाल्ला आणि बाकीचे उशाशी ठेवले. त्यांच्या खोलीला आता मुंग्या लागतील, पण बोलायची सोय नाही.

रविवारी मी हळदीकुंकू करतेय. दीड वर्ष या घरात कुणाला चहा विचारला नाही, आता फळी सजली आहे तर लाज कशाची. वाण म्हणून हात धुवायच्या साबणाच्या छोट्या बाटल्या देणार आहोत, प्रत्येकीला झबलं घातलेल्या, एकूण चाळीस. बारा आईंनी शिवल्या. बाबा गेल्यापासून आई हळदीकुंकवाला पुढे येत नाहीत, तशा याही वेळी येणार नाहीत. पण दार थोडं उघडं ठेवीन म्हणाल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

तुम्हाला यायला सांगायची माझी हिंमत नाही. तारीख मात्र कळवली.

वर्षाली


२० जानेवारी २०२५

ताई,

माझ्या हातून घोळ झालाय, आणि तो सांगायला मला तुमच्याशिवाय माणूस नाही. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, तरी नाही.

बायका हौसेनं आल्या. वाण मी बैठकीतल्या टेबलावर मांडून ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, आपापल्या आवडीचा रंग उचला. आता बाई म्हटली की पहिलं हाताला लागलेलं उचलत नाही. कुंकू लावून झालं, उखाणे झाले, दोघी-तिघी हात धुवायला आत गेल्या आणि त्यांना फळी दिसली. तिथली झबली तर टेबलावरच्यांपेक्षा देखणी, कारण त्यांच्यावर आईंनी जीव ओतलाय. त्यांना वाटलं, हेही वाणच. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, "मले हे जांभळं पाहिजे वं." मला वाटलं, टेबलाजवळ भांडताहेत. मी वाटीत तिळगूळ काढत राहिले.

सगळ्या गेल्यावर पाहिलं तर फळीवरची तीन झबली नव्हती. आतल्या वस्तूंसकट.

वाण परत मागायचं नसतं. सवाष्णीच्या ओटीतून परत कसं काढणार? आणि मागायला जायचं म्हणजे आत काय आहे ते बोलायचं. कोणी नेली तेही धड माहीत नाही. जांभळं मात्र गल्लीतल्या गोदाबाईंनी नेलं, आवाज त्यांचाच होता. गोदाबाईंना सकाळी कळलं की दुपारपर्यंत बडनेऱ्याला कळतं.

त्या वस्तू अमरावतीत मिळत नाहीत, नागपूरहून मागवाव्या लागतात. मागवल्या आहेत, चार दिवस लागतील. पण आईंना वस्तूंचं काही नाही. त्या म्हणाल्या, "आता गल्लीत तोंड कसं दाखवू? तूच बाहेर मांडाले लावलं." आणि दार लावून घेतलं. काल रात्री जेवल्या नाहीत, आज दुपारी अर्धी पोळी घेतली. फळीवर उरलेली झबली त्यांनी उसवून टाकली. मोती फरशीवर पसरलेत, ते मी अजून झाडलेले नाहीत.

त्या बरोबर बोलल्या. मीच बाहेर मांडायला लावलं. तुम्हाला त्या भाऊबीजेला दारातून जाऊ दिलं तेव्हाही मीच तोंड बंद ठेवलं. कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं, याचं माझं गणित दोन्ही वेळा चुकलं असं वाटतंय.

वर्षाली


२७ जानेवारी २०२५

ताई,

बसून वाचा. जवळ पाणी ठेवा. आज मी सगळं लिहिणार आहे, आणि ते आईंनी सांगितलंय म्हणून लिहिणार आहे. त्या समोर बसल्यात आणि सुईत दोरा ओवतायत.

शुक्रवारी दुपारी गोदाबाई आल्या. पदराखाली काहीतरी होतं. आत आल्या आल्या म्हणाल्या, "दार लाव वं पोरी." मी दार लावलं. पदरातून जांभळं झबलं निघालं. म्हणाल्या, "उघडून पाह्यलं मी. बुडाले काय छापलं आहे ते सुनेनं वाचून दाखोलं. वाण वापस करत नसते, मले मालूम आहे. मी वापस कराले नाही आली, बदलून घ्याले आली."

आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. मोठ्या माणसांची लंगोटं असतात ना, तसलं. "सहा वर्षं झाले," म्हणाल्या. "खोकललं का लुगडं ओलं. पोरगं आणते, पन कोनाले दिसू नाही म्हनून गव्हाच्या कोठीत लपवून ठेवा लागते. गावाले गेली नाही सहा वर्षांत, भावाच्या पोरीच्या लग्नाले नाही गेली. याले एक मोठं झबलं शिवून दे. उशीवानी दिसलं पाहिजे."

गल्लीभर बोलणारी बाई, आणि हे बोलताना तिची नजर फरशीवरून वर आली नाही. मला रडू आलं. तेवढ्यात आतलं दार उघडलं. आई चौकटीत उभ्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं, आता त्याही रडणार. तर म्हणाल्या, "कोठीत? अन् आमी तुह्या घरच्या पोळ्या खाल्ल्या की वं, गोदे."

मग दोघी हसायला लागल्या. गोदाबाई हसता हसता म्हणाल्या, "हसवू नको, सत्यवती, हसलं तरी होते." त्यावर आणखी हसल्या. आई पोटाला हात धरून हसत होत्या, डाव्या बाजूला.

आता ती डावी बाजू सांगते.

नागपूरला दीड वर्षापूर्वी झालं ते, तुम्हाला सांगितलं तसं, हर्नियाचं ऑपरेशन नव्हतं. आईंच्या आतड्यात गाठ होती. ती काढली. आतड्याचा खालचा भागही काढावा लागला, म्हणून डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूनं शौचाला वाट करून दिली. तिथे पिशवी लावावी लागते, कायमची. झबल्यातली पावडर तिथल्या कातडीची, थेंब पिशवीत टाकायचे, वास येऊ नये म्हणून. दर तीन महिन्यांनी तपासणी होते. आतापर्यंत सगळं स्वच्छ आलंय. हे मी तुम्हाला घाबरवायला नाही, खरं आहे म्हणून लिहितेय. आई जेवतात, फिरतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात.

तुमच्या मुलीची परीक्षा होती म्हणून तुम्हाला बोलावू दिलं नाही. पुढे भाऊबीजेला तुम्ही बॅग घेऊन आलात. मी आज आईंना सरळ विचारलं, आई, तेव्हाच का नाही सांगितलं? हातातला दोरा तसाच धरून त्या म्हणाल्या, "ते माह्यापाशी झोपली असती ना वं. झोपेत तिचा हात लागला असता पोटाले. तिनं हात काढून घेतला असता तर मले सहन झालं नसतं. म्हनून मीच आधी हाकललं."

हे होतं, ताई. जागा नव्हती असं नाही.

तुमचा मला राग आला होता, फार आला होता. चौदा महिने मी तुमच्या मनातली वाईट सून होऊन बसले आणि इथे पोळ्या लाटल्या. पण आईंनी हे सांगितलं तेव्हा सगळा राग उतरला, कारण मला तुमचा हात माहीत आहे. तो हात काढून घेणारा नाही. हे मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुले काय मालूम." मी म्हटलं, मग विचारा ताईंनाच. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाल्या, "लिही तिले. समदं लिही."

उरलेली दोन झबलीही आली. एक माणिकबाईंनी आणलं, आणि त्यांना त्यांच्या दातांच्या कवळीच्या डबीला कमळाचं फूल करून हवंय. एक कोणीतरी पहाटे फाटकाला अडकवून गेलं. त्याच्या आत चिठ्ठी होती, "माझ्या सासऱ्यांसाठी असं करून मिळेल का?" नाव नाही. अनवरीआपा म्हणतात, एक मोठं करून फाटकालाच टांगून ठेवू, ज्याचं आहे तो घेऊन जाईल. फरशीवरचे मोती मी वेचले. आई तेच पुन्हा ओवतायत.

वर्षाली


४ फेब्रुवारी २०२५, रथसप्तमी

ताई,

परवा मूर्तिजापूरच्या स्टँडवर तुमच्या भावाला तुमचा फोन आला म्हणे. तुम्ही नुसत्या रडत होतात. तेही रडले. रडता रडता त्यांनी दोन घंट्या मारल्या आणि स्टँडवरची माणसं न घेताच गाडी निघाली. पुढे चौकात लोकांनी धावत येऊन पकडली. डेपोत मेमो मिळालाय, आणि तो ते सगळ्यांना हसत दाखवतायत. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कशाचा तरी अभिमान वाटताना पाहतेय त्यांना.

मग संध्याकाळी माझ्या फोनवर तुमचं नाव दिसलं, एक शब्द, "कशी आहे?" मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी "बरी आहे" एवढंच पाठवलं. पत्रात मी बरी बोलते.

आईंना फोनवर बोलायला सांगितलं तर हात हलवून नाही म्हणाल्या. फोनवर रडू येईल आणि मग तुम्हाला वाटेल तब्येत बिघडली, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हे पार्सल. पोस्टानं नाही, तुमचे भाऊ उद्याच्या पहिल्या फेरीला स्वतः डाबकी रोडवर घेऊन येतील. डबाही तुमच्याकडेच खातील. भाजी मी देत नाहीये, तुम्ही करा.

आतली बाटली रिकामी आहे. झबलं आईंनी एकटीनं केलंय, मला हात लावू दिला नाही. तुमच्या देवळाच्या खांबांना जो पिवळा गोटा होता, तोच अनवरीआपांनी जुन्या मालातून शोधून काढला. खालच्या ओळी आईंच्या हातच्या आहेत. चष्मा लावून, तीन कागद फाडून लिहिल्यात.

तुमची,
वर्षाली

गीते,
बाटली पाठवून राह्यली. देवळाचा एखांदा खांब पडला असंन तर त्याच्या जागी ठेव. डोळे आता तेवढे चालत नाहीत, टाके मोठे झाले, हासू नको.
वर्षालीले बोल लावू नको. तिच्या तोंडाले मी कुलूप लावलं होतं.
आठ दिवस राह्याले आली होती, ते आठ दिवस तुह्ये बाकी आहेत. येजो. पलंगावरचा लोड काढला. डावी बाजू आता पिशवीची आहे, तू उजव्या अंगाले झोपजो.
हात टाकजो. हळू टाकजो.
आई